चाळीस दारं, एकच उत्तर

सरका गं पोरींनो जवळ. अशा भिंतीला टेकून, त्या टॅबचा उजेड तोंडावर पाडून बसू नका. माझ्याकडं बघा जरा. तुमच्यातल्या एकीनं परवा मला ऐन स्वयंपाकाच्या वेळेला फोन केला, "बाई, उद्या ट्रेनिंगची परीक्षा हाय. सांख्यिकीय स्वातंत्र्य म्हंजे काय, ते दोन वाक्यांत सांगा." दोन वाक्यांत! माझ्या हाताला पीठ, तव्यावर भाकरी, फोन खांद्याला अडकवलेला, आणि हिला दोन वाक्यं पाहिजेत. अगं, ज्या गोष्टीनं माझी आयुष्यभराची झोप उडवली, ती भाकरी उलटता उलटता सांगायची असते का? रागानं फोनच ठेवून दिला मी. नंतर वाईट वाटलं. त्याच आठवड्यात दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, की निर्मलाबाई, तुमच्या सर्वेच्या कामातलं काही लिहा. म्हटलं, चला, एकीला सांगायचं ते सगळ्यांनाच सांगू. वाक्यं दोनाच्या वर होतील, तेवढं सोसून घ्या.

शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते फॉर्मांनी शिकवलं. ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांना सांगते. शहरातल्या संस्थांना खेड्यातल्या माणसांविषयी काही जाणून घ्यायचं असतं. लेकरं शाळेत जातात का, बाळंतपण कुठं होतं, पाणी किती लांबून आणता. सगळ्या गावाला विचारत बसणं होत नाही, म्हणून थोडी घरं निवडतात. गावाचा नकाशा काढायचा, घरांवर खडूनं नंबर टाकायचे, आणि मग दर पाचवं घर, नाहीतर चिठ्ठी टाकून निघालेलं घर. त्या घराला कुलूप असलं तर दुसऱ्यांदा जायचं, तिसऱ्यांदा जायचं. पण शेजारचं दार उघडं दिसतंय आणि आतून चहाचा वास येतोय, म्हणून तिथं शिरायचं नाही.

हे असं कशाला, ते मला परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात कळलं. तिथं व्यापारी ज्वारीच्या पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो आणि मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो. चाळीस पोत्यांचा माल असला तर तो ह्या पोत्यात, त्या पोत्यात, मागच्या, खालच्या, अशी नळी घालतो. एकाच पोत्यात चाळीस वेळा नळी घातली तर त्याला एकच पोतं कळलं, चाळीस नव्हे. दाणे मात्र चाळीस मुठी निघतील! आमचं काम तेच. फॉर्म किती भरले हे मोजून भागत नाही, पोती किती उघडली ते बघायचं.

आणि माणसांचं असं आहे, की ती पोत्यासारखी गुमान बसत नाहीत. एकमेकांचं ऐकतात. वालूरला एकदा मी उन्हात घरं शोधत फिरत होते, तर एका ओट्यावरून पागोटंवाले एक मामा ओरडले, "ओ बाई, कामून उन्हात जीव जाळायलाव? इकडं या. सगळ्या गल्लीचं मी सांगतो. लिहा. पानी येतं. दवाखाना लांब हाय. सुना सुखात हाईत."

"सुनांना विचारते की मामा."

"त्या काय येगळं सांगनार हाईत?"

त्या लय वेगळं बोलल्या. पाणी येतं ते मामांच्या ओट्यापर्यंत, पुढच्या चार घरांना नुसता नळाचा आवाज. मामांचं ऐकून लिहिलं असतं तर दहा फॉर्म झाले असते आणि त्या दहात बाई एकसुद्धा नसती!

तेव्हापासून मी लय कडक झाले. हापशावर घोळक्यात कधी विचारलं नाही, कारण पहिली बोलली की बाकीच्या माना हलवतात. सून बोलायला बसली आणि सासू दारात येऊन उभी राहिली, की मी म्हणायची, "आत्या, तुमची म्हैस लय देखणी हाय म्हने, दाखवा की माझ्या जोडीदारनीला." जोडीदारीण बिचारी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसायची, तोवर मी सुनेचा फॉर्म उरकायची. उत्तरं सारखी आली म्हणून बिघडत नाही बरं. दहा घरांत पाणी नसलं तर दहाही जणी नाहीच म्हणणार. पण दुसरी जर पहिलीचं ऐकून बोलली, सून जर सासूच्या तोंडाकडं बघून बोलली, तर ती दोन उत्तरं नव्हेत. प्रत्येकीचं उत्तर आपल्या पायावर उभं पाहिजे, दुसऱ्याला टेकलेलं नको. आता परीक्षेत एवढं लिहिलंत तरी पास व्हाल. मीसुद्धा एवढ्यावरच कितीतरी वर्षं पास होत आले होते.

आता माझी गोष्ट. दार उघडायची माझी एक किल्ली होती. अनोळखी बाईला बाया एकदम काही सांगत नाहीत, मग आधी आपण आपलं थोडं सांगायचं. घर आमचं झरीला. मालक लवकर गेले, सुरेखा माझी तेव्हा सहा वर्षांची. सर्वेच्या कामाला लागले की पंधरा-पंधरा दिवस मी बाहेर, पोरगी सासूपाशी. मी दारात बसले की पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणायची, "मी बी तुमच्यासारखीच, माय. पोटामागं घर सोडून फिरनारी. माझी लेक सासूपाशी ठेवली, तिनं तळहातावर जपली. सोन्यासारखं लेकरू घडलं. आता मास्तरीन हाय सेलूला." एवढं बोलले की समोरचीच्या डोळ्यांत पाणी यायचं, चहाचं आधण चढायचं आणि फॉर्म सरसर भरायचा. आमचे साहेब बैठकीत सांगायचे, "निर्मलाबाईंच्या फॉर्मात 'सांगता येत नाही' हा शेरा कधी सापडायचा नाही." मी पदर सावरून बसायची. अभिमान काय थोडा होता!

मग तो ऊसतोडीवाल्यांचा सर्वे आला. दसरा झाला की आमच्या जिंतूर-सेलूकडच्या गावांत गाड्या लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे कोयते भरून गाड्या साखर कारखान्यांकडं जातात ते पार उन्हाळ्यात परततात. तोवर लेकरांचं काय? बेत असा होता, की गावातल्याच शाळेत तेवढ्या महिन्यांपुरतं वसतिगृह चालवायचं, म्हणजे पोरींची शाळा तुटणार नाही. पण ते सगळ्याच गावांना मिळणार नव्हतं. जिथं लेकरं आईबापामागं उसाच्या फडावर जातात तिथं द्यायचं. जिथं आजी-आजोबा सांभाळतात तिथं गरज नाही. कोणतं गाव कशात बसतं, ते आमच्या सोळाव्या प्रश्नावर ठरणार होतं: तोडीला जाता तेव्हा मुलीला कुणापाशी ठेवता?

माझ्या वाट्याला जे गाव आलं त्याचं नाव सांगत नाही. कुणी काय सांगितलं ते गावाच्या, घराच्या, बाईच्या नावानिशी कुठं बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. चारठाण्यापासून आत जायचं, एवढं समजा. चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं काढली, एकेका बाईला वेगळं बसवलं, सासवांना म्हशी दाखवायला लावल्या आणि चाळीस फॉर्म सुवाच्य अक्षरात भरून दिले.

आठ दिवसांनी साहेबांनी स्टेशन रोडच्या आमच्या खोलीवर बोलावलं. टेबलावर माझा गठ्ठा.

"बसा निर्मलाबाई. हे तुमचेच ना?"

"माझेच. काय चुकलं का?"

"सोळाव्या प्रश्नाला चाळीसच्या चाळीस आजी."

"मग? असतीलच की."

"शेजारच्या गावात दुसऱ्या मुलीनं फॉर्म भरले. तिथं कुठं आजी आहे, कुठं मावशी, कुठं सोबत नेतात, कुठं पोरगी एकटीच राहते. तशीच शेतं, तशीच माणसं, मुकादमसुद्धा तेच. मग या एकाच गावात सगळ्यांच्या आज्या जिवंत कशा?"

मला आधी हसूच आलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. साहेब हसत नव्हते. चष्मा काढून, खाली बघत ते म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारतोय. गावात गेला होतात ना?"

पोरींनो, आमच्या धंद्यात याच्याहून मोठी शिवी नाही. घरी बसून फॉर्म भरले, असं ज्या बाईविषयी म्हटलं जातं ती संपली. मी पायातली चप्पल काढून टेबलाखालून पुढं सरकवली. त्या गावची माती अजून शिवणीत होती.

साहेबांनी ती चप्पल बघितली आणि आवाज खाली आणला. "गेला होतात, मानतो. मग दुसरंच काहीतरी झालंय. दसऱ्याच्या आधी गावांची यादी वर जाणार. हे फॉर्म असेच धरले तर त्या गावाला वसतिगृह नाही. खोटे धरले तर माहितीच नाही, म्हणून गाव यादीतून गळणार. दोन्हीकडून पोरी गाडीतच. उद्याच्या उद्या परत जा. शबानाला सोबत न्या."

शबाना म्हणजे परभणीचीच पोरगी, आकडेशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि तोंडात साखरेचा कण नाही. फॉर्मात जेवढं छापलंय तेवढंच वाचायची. उत्तर ऐकायची, खूण करायची, पुढचा प्रश्न. मी तिला म्हणायची, "अगं, निदान पानी तरी मागत जा. घरात आल्यासारखं वाटतं त्यांना." तर म्हणायची, "खाला, पाणी प्रश्नावलीत नाहीये." अशी बाई माझी चूक काढायला पाठवली, याचाच मला जास्त राग.

एस.टी.त बसल्यावर तिनं बेत सांगितला. त्याच चाळीस घरांच्या चिठ्ठ्या करायच्या, डब्यात घालून हलवायच्या, वीस तिनं उचलायच्या आणि वीस मी.

"त्यानं काय होईल?"

"चिठ्ठीनं वाटली की तुमच्याकडं सगळ्या आजीवाल्या आणि माझ्याकडं सगळ्या बिनआजीच्या, असं होणं मुश्किल. गाव तेच आहे. मग आपले दोन्ही ढीग साधारण सारखे दिसायला पाहिजेत. उत्तर त्या घरात काय आहे यावर ठरलं पाहिजे, खाला. दारात कोण उभं आहे यावर नाही."

"बघच तू," मी म्हटलं. "वीसच्या वीस आज्या दाखवते तुला."

आणि दाखवल्या की! दुपारी चारला शाळेच्या ओट्यावर आम्ही दोघी ढीग मांडून बसलो. माझ्या वीस घरांत वीस आज्या. मी ढीग तिच्यापुढं ढकलला. तिनं तिचे फॉर्म माझ्या मांडीवर ठेवले.

आजी चार-पाच घरांतच होती. बाकीचं मी वाचत गेले. सोबत नेतो. सोबत नेतो. थोरली कोपीवर, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या खोपटात, स्वयंपाक करते, धाकट्याला बघते. सोबत नेतो. शेजारणीकडं ठेवतो, जेवणाचं तिचं ती बघते. एका फॉर्मवर लिहिलं होतं, एकटीच राहते, दार आतून लावून घ्यायला सांगितलंय. पोरीचं वय अकरा.

एकच गल्ली, बायांनो! एका भिंतीच्या अलीकडं मी विचारत होते आणि पलीकडं ती. अलीकडं सगळ्या आज्या आणि पलीकडं अकरा वर्षांची पोरगी आतून कडी लावून.

मला आधी तिचाच संशय आला. म्हटलं, "तुला ह्या बायांची बोली समजली न्हाई. काहीतरी भलतंच लिहिलंस."

"मी पण परभणीचीच आहे, खाला," ती म्हणाली. " 'संगं नेतो' एवढं समजतंय मला." मग तिनं माझ्या ढिगातला वरचा फॉर्म उचलला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. पहिल्या पानावर घरातली माणसं लिहायची असतात, नाव, नातं, वय. माझंच अक्षर. नवरा, बायको, दोन पोरी, एक पोरगा.

"आजी कुठंय?"

"असंल माहेरची. दुसऱ्या गावी."

"विचारलं तुम्ही?"

नव्हतं विचारलं. पहिल्या पानावर मी स्वतःच्या हातानं बिनआजीचं घर लिहिलं आणि तिसऱ्या पानावर त्याच हातानं पोरगी आजीपाशी ठेवून दिली. मला खुपलंसुद्धा नाही. मी दुसरा फॉर्म उघडला, तिसरा उघडला. तेच. जिथं आजी नव्हती तिथं ती मला दिसली होती. इतकी वर्षं फॉर्म भरून ज्या बाईला एक रकाना चुकलेला चालत नाही, तिला अख्ख्या म्हाताऱ्या दिसत होत्या, ज्या नव्हत्याच. मी चौथा उघडायला गेले. शबानानं हळूच फॉर्म काढून घेतला.

ते वरचं घर ज्या बाईचं, तिला आपण द्वारका म्हणू. मी तशीच उठून तिच्या दारात गेले. फॉर्म नाही, पॅड नाही. ती शेणाच्या गोवऱ्या रचत होती.

"द्वारका, एक खरं सांग माय. तुझी सासू कुठं असती?"

ती थांबली. पदरानं हात पुसले. "वारली की मावशी. दोन सालं झाली."

"मंग पोरगी?"

"माझ्यासंगंच कोपीवर. न्हाई तर कुठं टाकू?"

"मला काहून सासूपाशी म्हनलीस गं? दोनदा विचारलं मी तुला!"

द्वारका इतकी ओशाळली, की मलाच कसंतरी झालं. "तुमी एवढ्या मायेनं सांगितलाव, मावशी. लेक सासूपाशी ठेवली, सोन्यासारखी घडली. मंग मी तोंड वर करून कसं म्हनू, की माझी पोरगी पाचटात बसून भाकरी थापती? आमी काय आमच्या पोरी बिघडवायलोत का? तुमाला बी वाईट वाटलं असतं. म्हनून म्हनलं, सासूपाशी." मग जरा थांबून म्हणाली, "त्या दुसऱ्या बाईला सांगितलं असतं. ती लय कोरडी हाय. तिला कशाचं काय बी वाटत न्हाई."

मी तिच्या दारात खालीच बसले. ऊन उतरायला लागलं होतं. पोरी शाळेतून येत होत्या, दप्तरं हलवत, आणि मला वर बघवेना. पोती वेगळी होती हो. चाळीस पोती, चिठ्ठी टाकून काढलेली, एक दुसऱ्याला न चिकटलेली. पण प्रत्येक पोत्यात आधी माझ्या घरची मूठभर ज्वारी वरून टाकायची आणि मग तिथंच नळी खुपसायची, असं माझं चाललं होतं. बायांना मी एकमेकींपासून तोडलं, सासवांपासून तोडलं, वालूरच्या मामांपासून तोडलं. सगळ्या येऊन मलाच टेकल्या, ते दिसलं नाही. ते एका बाईचं उत्तर होतं. आणि ती बाई मी.

आणि मागची सगळी गावं? एवढ्या वर्षांत ज्या फॉर्मांत 'सांगता येत नाही' कधी सापडलं नाही, ते का सापडलं नाही हे द्वारकाच्या दारात बसून मला कळलं. ज्या बाईला खरंच सांगता येत नव्हतं, तिच्या तोंडात मी आधीच घास भरवत होते. ते फॉर्म आता कुठल्या कपाटात असतील, त्यांवरून कुणी काय ठरवलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी माझी वीस घरं शबानानं पुन्हा फिरून विचारली. मी शाळेच्या पायरीवर बसून राहिले. साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, खोटे फॉर्म पकडायला आम्ही शिकलो होतो. खऱ्या बाईनं मायेनं भरलेले चुकीचे फॉर्म कसे पकडायचे, ते आम्हाला कुठं ठाऊक होतं?" माझ्या साठही फॉर्मांवर, आधीचे चाळीस आणि नंतरचे वीस, तांबडी रेघ मारली त्यांनी. मी समोर उभी राहून बघितली. शबानाचे चाळीस वर गेले. गावाचं नाव यादीत आलं आणि गाड्या लागायच्या आत शाळेच्या दोन खोल्यांत वसतिगृह सुरू झालं. थंडीत मी एकदा जाऊन आले. द्वारकाची लेक पंगतीत बसून वरणात भाकरी कुस्करत होती. मला ओळखून म्हणाली, "मावशी, तुमी म्हशी बघायला येनाऱ्या ना?" पोरी हसल्या. मीही हसले.

माझं काम मात्र बदललं. साहेबांनी मला दारोदार फिरायच्या कामावरून काढलं आणि नव्या पोरींचे फॉर्म तपासायला बसवलं. मी तक्रार केली नाही.

पण पोरींनो, खरा धक्का तो नव्हे. तो नंतर बसला, घरी, कपड्यांच्या घड्या घालताना. चाळीस दारांत मी जे सांगत फिरले, की सासूनं तळहातावर जपली, लेकरू सोन्यासारखं घडलं, ते मला कुणी सांगितलं होतं? सुरेखानं? आठवून बघितलं. मी पंधरा दिवसांनी परतायची. पोरगी दारात उभी, तिच्या मागं सासू, पोरीच्या खांद्यावर सासूचा हात. आणि मी पिशवी खाली ठेवता ठेवता विचारायची, "बरी होतीस ना गं? आजीनं जपलं ना?" पोरगी म्हणायची, "हो." झालं.

तिसरं माणूस समोर उभं. प्रश्नातच उत्तर. आणि उत्तर देणारीला ठाऊक, की विचारणारी चार दिवसांत पुन्हा जाणार आहे आणि आपल्याला याच घरात राहायचं आहे. असा फॉर्म कुणी माझ्यापुढं आणला असता तर मी तो फाडून टाकला असता. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न मी दर पंधरा दिवसाला असा विचारला आणि ते 'हो' घेऊन गावोगाव वाटत फिरले.

सासू आता नाही. मी सुरेखाला फोन लावला. "सुरेखा, लहानपनी आजीपाशी बरी होतीस ना?"

"हो आई. काहून?"

फोन ठेवल्यावर मला माझाच प्रश्न ऐकू आला. तोच, तसाच. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणे!

मग शबानाची सेलूकडं फेरी निघाली, तेव्हा मी तिच्या हातात एक कोरा फॉर्म दिला. म्हटलं, माझ्या सुरेखाला विचार. एकच प्रश्न. आई कामाला जायची तेव्हा तू कुणापाशी राहायचीस आणि कसं होतं. जसं सगळ्यांना विचारतीस तसं, कोरडं. शबाना म्हणाली, "तुम्ही पाठवलंय हे मी त्यांना सांगणार. लपवून विचारत नसते मी." मी म्हटलं, सांग.

चार दिवसांनी आली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं या वेळी पाणी घेतलं.

"काय म्हनली?"

"ते नाही सांगता येणार, खाला. 'तुमचं उत्तर कुणालाही कळणार नाही', असं फॉर्मच्या पहिल्या पानावर छापलंय. ते वाचून दाखवूनच सुरू केलं मी. तुम्हीच शिकवलंत."

"अगं मी आई हाय तिची!"

"म्हणूनच."

"बरं, नुसतं एवढं सांग. चांगलं म्हनली का वाईट?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "चांगलं आहे म्हणून मी आज सांगितलं, तर पुढच्या वेळी माझं गप बसणं म्हणजेच वाईट होईल. म्हणून चांगलंही सांगायचं नाही आणि वाईटही नाही. दोन्ही नाही." कोरडी पोरगी, पण डोळे माझ्याकडं नव्हते.

"मग वरचं पान तरी दाखव. तपासनीस म्हनून तेवढा हक्क हाय मला."

तेवढा होता. तिनं बाकीची पानं हाताखाली धरून वरचं पान दाखवलं. गाव सेलू. सुरू केल्याची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. संपल्याची वेळ एक.

एक प्रश्न, पोरींनो. "हो, बरी होते, आजीनं जपलं" एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं. माझी पोरगी एका परक्या बाईपुढं जवळपास दोन तास बोलली आणि माझ्याशी ती याविषयी आयुष्यात एका 'हो'च्या वर बोललेली नाही. आत काय लिहिलंय मला ठाऊक नाही. सुखाचं असेल, दुःखाचं असेल, दोन्ही असेल. पण मी चाळीस दारांत जे सांगितलं, तेवढंच नाही, हे त्या घड्याळानं मला सांगितलं. त्या दिवसापासून मी कुणापुढं माझ्या लेकीची ती गोष्ट सांगितलेली नाही. ती माझी नव्हतीच सांगायला.

तर सुरेखा, हा अंक तुमच्या शाळेत येतो, मला ठाऊक आहे. तू हे वाचशील. मी फोनवर पुन्हा विचारणार नाही, मला ते नीट जमत नाही. तू ये. जावईबापूंना आणू नको, लेकरांना आणू नको, या वेळी एकटीच ये. मी मधे बोलणार नाही, मान हलवणार नाही, रडणारसुद्धा नाही असं बघते. तुला लागेल तेवढा वेळ घे, आणि काहीच सांगावंसं वाटलं नाही तर नुसती जेवून जा. पण माझे गुडघे आता मला तुझ्या दारापर्यंत आणायचे नाहीत, म्हणून तूच ये गं. आणि लवकर ये.